रविवारचे ओरखडे

मिस्त्री : चार दिवस म्हणजे चार दिवस, वहिनी. ही काय कढई आहे, घासली आणि पालथी घातली? गाडीच्या बाजूच्या पट्ट्या उतरवायच्या, वरचं मेलेलं कवच काढायचं, मग खरखरीत कागद, मग मऊ, मग त्याहून मऊ, मग फिरत्या चाकावर धरायच्या, आणि शेवटी वरून लेप. घाई केली की ॲल्युमिनियम रुसतं.

वहिनी : रुसू दे. माझ्या घरात आधीच एक रुसलेलं आहे, त्यात आणखी एक. मला परवा सकाळी हवीय.

मिस्त्री : अहो, दोन वर्षं ही पिकअप तुमच्या दारातल्या झाडाखाली पडून होती. पाखरांनी तिची पार रया घालवली. तेव्हा हिची आठवण झाली नाही, आणि आज शेजाऱ्याच्या जावयाकडून दोरीने ओढत आणलीत. परवा असं कुठलं आभाळ कोसळतंय?

वहिनी : परवा दहा वाजता टेकडीपलीकडच्या वृद्धांच्या संस्थेची गाडी येणार आहे. यांना न्यायला.

मिस्त्री : दादांना?

वहिनी : मग कुणाला? मला कोण नेतंय.

मिस्त्री : कायमचं?

वहिनी : असं विचारू नका ना मिस्त्री. ‘सुधारणा होईपर्यंत’ असं छापलंय फॉर्मवर. लेकीने वाचून दाखवलं. या विसरण्याच्या दुखण्यात सुधारणा होत नसते, हे तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि फॉर्म छापणाऱ्यालाही ठाऊक असणारच.

मिस्त्री : बसा तुम्ही आधी. त्या डब्यावर नको, त्यावर तेल आहे. हे घ्या स्टूल. हाताला प्लॅस्टर कधी घातलं?

वहिनी : झाले पंधरा दिवस. न्हाणीघरात पाय घसरला.

मिस्त्री : लेकीला पण हेच सांगितलंत?

वहिनी : हेच सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. तुम्हीही ठेवू नका, पण पुन्हा विचारू नका. भर दुपारी डोळा उघडला आणि आपल्या खोलीत परकी बाई उभी दिसली, तर कुणीही ढकलेलच की. त्यांचं काय चुकलं?

मिस्त्री : वहिनी...

वहिनी : वहिनी नको, पट्टीचं बोला. हा फोटो बघा, मुद्दाम आणलाय. गाडी घेतली त्या दिवसाचा. हे दाराला टेकून उभे आहेत, आणि पुढून मागपर्यंत पट्टी बघा. फोटोवाल्याच्या दिव्याचा तारा चमकलाय तिच्यात. मला अशी हवी.

मिस्त्री : एकतीस वर्षांपूर्वीची पट्टी आहे ती. आणि दादांचे केसही तेवढेच जुने. केस आणून देऊ का परत?

वहिनी : थट्टा सुचतेय तुम्हाला.

मिस्त्री : थट्टा नाही केली तर माझ्या डोळ्यांत पाणी येतं, आणि पाणी आलं की काम नीट होत नाही. मला एवढं सांगा, दादांना तिकडे सोडायचं, तर गाडी कशाला चमकवायची? विकायची आहे?

वहिनी : जीभ झडेल माझी. विकायची नाही. त्यांना हिच्यातून न्यायचंय.

मिस्त्री : पण संस्थेची गाडी येतेय म्हणालात ना?

वहिनी : येऊ दे आणि हात हलवत परत जाऊ दे. गेल्या वर्षी हे तापाने फणफणलेले असताना यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा तसल्याच गाडीतून नेलं होतं. हे चढेनात. परक्या गाडीत का बसू म्हणाले. मग गाडीवरच्या दोघांनी धरलं आणि कापडी पट्ट्यांनी हात बांधले खाटेला. मी शेजारी बसलेली. आयुष्यभर काचांच्या धंद्यात ज्याने काचा हातावर झेलल्या, त्याचे हात बांधलेले, आणि माझ्याकडे बघून विचारतायत, ‘बाई, माझं काय चुकलं?’ मनगटावरचे वळ आठ दिवस होते. ते गेले. तो प्रश्न गेला नाही.

मिस्त्री : देवा रे.

वहिनी : तेव्हाच मी ठरवलं, पुन्हा बांधू द्यायचं नाही. जायचंच असेल तर माणसासारखं जातील. आपल्या गाडीत बसून, कोपर खिडकीवर टेकवून. मी लेकीला सांगितलं, दहाच्या आत हे आपणहून गाडीत बसले तर ठीक, नाही बसले तर तुमची ती पांढरी गाडी. ती ‘बरं’ म्हणाली. रडतच म्हणाली.

मिस्त्री : मग बसवा की. गाडी त्यांचीच आहे. बॅटरी नवी टाकतो, ब्रेक बघतो, एका दिवसात पळती करतो. पट्टीशिवाय काय अडलंय?

वहिनी : पट्टीशीच अडलंय! रोज चार वाजले की उठतात, चपला घालतात, ‘माझी गाडी बघून येतो’ म्हणतात. मी दारातच दाखवते, अहो, ही काय तुमची गाडी. जवळ जातात. वाकतात. काच तपासायचे तशी मान तिरकी करतात, या पट्टीवरून बोट फिरवतात. आणि म्हणतात, ‘नाही बाई. ही माझी नाही. हिची पट्टी बघा.’ रोज. न चुकता. की लागले गल्लीत शोधायला.

मिस्त्री : ‘हिची पट्टी बघा’ म्हणतात?

वहिनी : दुसरं काही नाही. रंग उडालाय तो चालतो, मागचा दिवा फुटलाय तोही चालतो. पट्टी चालत नाही. म्हणजे मनात कुठेतरी ती झळाळती पट्टी राहिलीय ना? या फोटोतली? माझं डोकं एवढंच चालतं, मिस्त्री. ती पट्टी दिसली की ओळखतील.

मिस्त्री : आणि तुम्हाला?

वहिनी : मला ओळखायचं त्यांनी कधीच सोडून दिलं. चाळीस वर्षं ‘अगं’ अशी हाक होती. आता ‘अहो बाई’. परवा विचारत होते, ‘तुम्ही इथे किती वर्षं कामाला आहात?’ म्हटलं, चाळीस. म्हणाले, ‘मग मालकांनी पगार वाढवला पाहिजे.’

मिस्त्री : हे मात्र खरं बोलले.

वहिनी : हसा. मीही हसले होते. मग मोरीत जाऊन नळ सोडला.

मिस्त्री : ठेवा तो फोटो खिळ्याला लावून. घेतो हातात काम. बाकीच्या गाड्या गेल्या खड्ड्यात. तुम्ही घरी जा.

वहिनी : शेजारच्या मावशी बसल्यात यांच्यापाशी दुपारपर्यंत. मी पाणी घालते कागदावर. डावा हात आहे की रिकामा.

मिस्त्री : घाला तर. आधी ही दाराखालची पट्टी उतरवतो. बघा, सगळी पांढरी धरलीय. त्याचं असं असतं, ॲल्युमिनियमला कारखान्यातून एक पातळ, काचेसारखं कवच मिळतं. ते आहे तोवर ऊनपाऊस काही करू शकत नाही. कवच गेलं की उघडा धातू हवा खातो आणि पिठासारखा होतो. माणसाचंही तेच. वरचं कवच एकदा का...

वहिनी : झालं तुमचं प्रवचन सुरू.

मिस्त्री : पॉलिशवाल्याने प्रवचन नाही करायचं तर कुणी करायचं? जन्मभर दुसऱ्याचा मळ काढतोय. घाला पाणी. हळू, धार नको, थेंब थेंब. आता पीठ निघेल आणि खाली... अरे?

वहिनी : काय झालं?

मिस्त्री : हे ओरखडे कसले? गोल गोल. ऊन-धुळीचे नाहीत हे. धूळ लांबीच्या दिशेने ओढते. हे कुणीतरी हाताने केलेत. तारेच्या घासणीने. बघा ना, वाटोळं, वाटोळं, वाटोळं, पुढून मागपर्यंत. एका दिवसाचं काम नाही हे, वर्षानुवर्षं केलंय. कवच तर कधीच खरवडून गेलंय. कुठल्या गाढवाने...

वहिनी : मी.

मिस्त्री : काय?

वहिनी : ते गाढव मी. दर रविवारी. हे गाडी धुवायचे आणि मी पट्टी घासायची. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर. माझी पातेली बघा जाऊन, तोंड दिसतं त्यांत. मला वाटलं, ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियम.

मिस्त्री : अहो वहिनी, ते भांडं नाही हो.

वहिनी : हात काळेकुट्ट व्हायचे. मला वाटायचं, मळच निघतोय.

मिस्त्री : धातूच निघत होता तो. ॲल्युमिनियम घासलं की काळंच सुटतं, स्वच्छ असलं तरी.

वहिनी : आणि हे काही बोलले नाहीत. एकदासुद्धा नाही! शेजारी बादली घेऊन उभे असायचे. मी विचारायची, चमकली ना? म्हणायचे, ‘चमकली.’ मिस्त्री, हा माणूस कसा होता माहीत आहे ना तुम्हाला? काचेवर केसाएवढा ओरखडा आला तर अख्खा माल परत पाठवायचा.

मिस्त्री : मला विचारता? माझ्या या शेडच्या खिडकीची काच त्यांनी तीनदा बदलली. मी म्हणत होतो, दादा, मला काही दिसत नाही. म्हणाले, ‘मला दिसतं.’ आणि आता तुम्ही बोललात म्हणून आठवलं. सात-आठ वर्षं झाली असतील, एकदा गाडी घेऊन आले होते. विचारलं, ‘पट्टीवरचे ओरखडे जातात का?’ म्हटलं, जातात की, सोडा उद्यापर्यंत. उभे राहिले, विचार केला, आणि म्हणाले, ‘नको. परत उमटतील.’ मला वाटलं, अरुंद गल्ल्यांतून काचा पोचवतो माणूस, घासत असेल कुठे कुठे.

वहिनी : म्हणजे मीच घालवली ती. त्यांच्या मनातली पट्टी मी खरवडून टाकली, आणि आता त्यांना गाडी ओळखू येत नाही म्हणून रडतेय.

मिस्त्री : असं कुठे असतं...

वहिनी : असंच आहे. काढा ते सगळे. एकही वर्तुळ ठेवू नका, मिस्त्री. माझ्या हाताची खूण दिसता कामा नये. मी उभी राहून बघणार आहे.

मिस्त्री : काढतो. पण लांबीच्या रेषेत, सावकाश. धातू खोल गेलाय तुमच्या प्रेमाने.

वहिनी : प्रेम कसलं. अडाणीपणा.

मिस्त्री : दोघांचा मळ एकसारखाच काळा असतो, वहिनी. घाला पाणी.

(तिसऱ्या दिवशी सकाळी आठ. मिस्त्रीच्या शेडसमोरचं अंगण. गाडी धुऊन उभी आहे. वहिनी आपल्या नवऱ्याला, साऱ्या गल्लीच्या ‘काचवाल्यां’ना, फिरायला म्हणून घेऊन आल्या आहेत.)

काचवाले : फार लांब आलो आपण, बाई. मला परत जायला हवं. चार वाजता माझी गाडी बघायची असते.

वहिनी : हे काय, दोन पावलं. इथे मिस्त्री असतात. ओळखीचे आहेत तुमच्या.

मिस्त्री : या दादा, या! किती दिवसांनी. तब्येत काय म्हणते?

काचवाले : ठीक आहे. तुमच्या खिडकीला काच चांगली बसवलीय. कुणी बसवली?

मिस्त्री : तुम्हीच की.

काचवाले : मी? ... असेल. कोपऱ्यात सूतभर जागा सोडलीय, ते बरोबर केलंय. उन्हाने काच फुगते. लोक सोडत नाहीत.

वहिनी : अहो, ती बघा ना. तिकडे. कुणाची गाडी आहे बघा.

काचवाले : वा.

वहिनी : आवडली?

काचवाले : वा वा. सुरेख काम आहे. एकसंध. आरसा आहे आरसा. मिस्त्री, तुम्ही केलंत?

मिस्त्री : दोन दिवस पाठ टेकली नाही, दादा. पुढून मागपर्यंत बघा, आहे कुठे एक ओरखडा? तुमच्यासारख्या माणसाने तपासावं म्हणून थांबलो होतो.

काचवाले : नाही. एकही नाही. पाव केसाएवढासुद्धा नाही. नव्या काचेला लाजवेल.

वहिनी : मग? ओळखलीत ना? बसता का आत?

काचवाले : आत कसा बसू? कुणाची आहे ही?

वहिनी : कुणाची म्हणजे? अहो, तुमची! तुमची गाडी आहे ही!

काचवाले : नाही, नाही. ही माझी नाही.

वहिनी : नीट बघा तरी. हा फोटो बघा. हे तुम्ही, ही गाडी, आणि ही पट्टी. बघा, अशीच चमकतेय की नाही?

काचवाले : हा मुलगा कोण?

मिस्त्री : वहिनी, रडू नका. घाबरतील ते.

वहिनी : सव्वाआठ वाजले, मिस्त्री. ते दोघं येतील. पट्टे घेऊन येतील.

काचवाले : बाईंना काय झालं?

मिस्त्री : काही नाही, दादा. डोळ्यात कण गेला, पॉलिशचा. तुम्ही मला सांगा, तुमची गाडी कशी आहे? मी शोधून देतो. धंदाच आहे माझा.

काचवाले : सांगतो ना. अशीच आहे. रंग हाच. लांबी हीच. पण माझ्या गाडीची पट्टी अशी नाही.

मिस्त्री : मग कशी आहे?

काचवाले : घासलेली आहे. गोल गोल. पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, गोल गोल.

मिस्त्री : कुणी घासली?

काचवाले : इकडे या जरा. हळू बोला. आमची ही घासते. दर रविवारी. तारेची घासणी घेते आणि भांड्यासारखी घासते. पार वाट लावलीय पट्टीची.

मिस्त्री : मग तुम्ही सांगत का नाही तिला?

काचवाले : काय सांगू? आठवडाभर मी गाडीबरोबर असतो. ती घरात असते. रविवारचा एक तास ती आणि मी, मधे गाडी. ती घासताना बोलते. लेकीचं बोलते, शेजारणीचं बोलते, काहीतरी गुणगुणते मधेच. सांगितलं तर घासायची थांबेल. मग ती आत, मी बाहेर. आणि मिस्त्री, एक सांगू? दुसऱ्या गावात, बाजारात, दहा गाड्या एका रंगाच्या उभ्या असतात. मी लांबून ओळखतो. उन्हात ती वर्तुळं अशी चमकतात. माझीच एक. तुम्ही तिला सांगू नका हं.

मिस्त्री : नाही सांगणार.

काचवाले : तिला वाटतं, चमकते.

मिस्त्री : वहिनी? वहिनी, कुठे निघालात? अहो, ते माझं कपाट आहे... काय हवंय?

वहिनी : तारेचा गोळा. तुमच्याकडे असतो. आणि पावडर.

मिस्त्री : वहिनी, नको. वहिनी, लेप काल रात्रीच वाळलाय! दोन दिवसांचं काम आहे माझं!

वहिनी : मला माफ करा, मिस्त्री. आणि सरका बाजूला.

मिस्त्री : ... सरकलो. घ्या. हा जाडा गोळा आहे. पावडर नाही, पण बारीक वाळू आहे.

वहिनी : चालेल.

काचवाले : अहो बाई! काय करताय? दुसऱ्याची गाडी आहे! मिस्त्री, अडवा त्यांना. चांगली आरशासारखी पट्टी...

मिस्त्री : करू द्या, दादा. मालकीणच आहेत त्या.

काचवाले : ओरखडे पडतायत. ऐकू येतंय मला. ... पण असं नाही.

वहिनी : कसं मग?

काचवाले : तुम्ही डाव्या हाताने करताय. आडवं तिडवं जातंय. आमची ही उजव्या हाताने घासते. अंगठा वर ठेवते. गोल.

मिस्त्री : वहिनी, प्लॅस्टर आहे त्या हाताला. हाड सरकेल. ऐका माझं.

वहिनी : बोटं बाहेर आहेत की. धरता येतं. ... आई गं.

मिस्त्री : वहिनी!

वहिनी : काही नाही. अंगठा वर. असा?

काचवाले : असा. अजून थोडं दाबून. ... हो. हो, असंच. तुम्ही तिच्याकडून शिकलात का?

वहिनी : हो. तिच्याकडूनच.

काचवाले : मधे ती बोलते पण.

वहिनी : काय बोलू?

काचवाले : काहीही. ती काहीही बोलते.

वहिनी : लेकीचा फोन आला होता. नातवाचा दात पडला पुढचा. तो दात उशाखाली ठेवून झोपला आणि सकाळी सापडेना म्हणून घर डोक्यावर घेतलं. शेजारच्या मावशींनी नवा पडदा लावलाय, उलटा. आतली बाजू बाहेर. सगळी गल्ली बघते, सांगत कुणीच नाही. ... चमकली ना?

काचवाले : चमकली.

वहिनी : नीट बघा.

काचवाले : मिस्त्री, सरका, ऊन येऊ द्या. ... ही. हीच ती. अहो, हीच माझी गाडी! मी रोज शोधतोय, आणि ही इथे तुमच्या अंगणात! कधी आणलीत?

मिस्त्री : परवा आणली, दादा. कामाला होती. बॅटरी बदलली, ब्रेक बघितले.

काचवाले : मला सांगायचं तरी. किल्ली द्या.

मिस्त्री : किल्ली आज मिळायची नाही. माझ्या शेडचा नियम तुम्हालाच पाठ आहे. ब्रेकचं काम झालं की पहिली फेरी...

काचवाले : मिस्त्री मारतो. बरोबर आहे. नियम म्हणजे नियम. मी शेजारी बसतो. हं, कोपर बरोबर बसतं खिडकीवर. माझीच आहे. फेरी कुठे मारायची?

मिस्त्री : वहिनी, तुम्ही सांगा. माझ्याने नाही सांगवत.

वहिनी : एक माल पोचवायचाय. टेकडीपलीकडे, बागेतल्या त्या मोठ्या घरात.

काचवाले : काच आहे?

वहिनी : काचच.

काचवाले : मोठी?

वहिनी : खूप मोठी. आणि एकच आहे. तशी दुसरी मिळत नाही.

काचवाले : मग हळू चालवा, मिस्त्री. गतिरोधकावर तर अगदीच. लोक मागून हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. आणि तिथे उतरवताना त्यांना सांगा, काच कधी बांधून आवळायची नाही. दोन्ही हातांनी धरायची, छातीशी. आवळली की तडकते.

वहिनी : सांगेन. मी स्वतः सांगेन त्यांना. रोज जाऊन सांगेन.

काचवाले : बाई, तुमच्या हाताला लागलं का? बोटं सुजलीत. आणि काळी झालीत केवढी.

वहिनी : निघेल ते काळं.

काचवाले : निघतं. तिचीही व्हायची. आज रविवार ना?

वहिनी : हो. रविवारच.

मिस्त्री : चला वहिनी, बसा. मधे जागा आहे. नऊला दहा कमी आहेत. आता निघालो तर त्यांची गाडी तिथून निघायच्या आत पोचू. लेकीला फोन करून सांगा, कुणाला पाठवू नका म्हणावं. आपणहून बसले दादा.

काचवाले : थांबा, थांबा. इंजिन बंद करा. ती कुठेय?

मिस्त्री : कोण, दादा?

काचवाले : आमची ही. घासून झालं की हात धुवायला आत जाते. काळे हात घेऊन गाडीत बसत नाही ती. आत्ता येईल. तिला टाकून मी रविवारी कधी गेलेलो नाही.

मिस्त्री : वहिनी, नळ मागच्या बाजूला आहे.

वहिनी : माहीत आहे.

मिस्त्री : मग धुऊन या ना. तुमचीच वाट बघतायत.

वहिनी : मी धुऊन आले आणि हे म्हणाले, ‘ही नाही’, तर?

काचवाले : बाई, तुम्हाला उशीर होतोय का? तिला वेळ लागतो थोडा. नखांतलं लवकर निघत नाही.

वहिनी : नाही हो. मला कसला उशीर. येऊ दे तिला सावकाश. थांबू या आपण.